खेळाडूंचं खाणं, वजनाची भीती आणि शरीराची लाज: नागपुरातल्या कोच-पालकांसाठी माहितीचा धागा

मानकापूर_ट्रॅक

नमस्कार मंडळी. परीक्षा संपल्या की उन्हाळी शिबिरं सुरू होतील आणि पहाटे साडेपाचलाच मैदानं भरतील. याच काळात बरीच मुलं-मुली खाणं तोडतात. कोणाला वजनगटात बसायचं असतं, कोणाला हलकं होऊन वेळ सुधारायची असते, कोणाला शॉर्ट्समध्ये आपण कसे दिसतो याचीच धास्ती असते. रोज मैदानावर असणाऱ्यांनी नेमकं काय बघावं आणि काय करावं, हे एका जागी असावं म्हणून हा धागा.

दोन अटी आहेत. झटपट वजन उतरवायची कोणतीही कृती इथे लिहू नका, 'असं करू नका' म्हणूनही नको. मुलं वाचतात आणि कृती तेवढी उचलतात. दुसरं, कुठल्याही मुलाचं नाव, क्लब किंवा किलो लिहू नका.

मी मैदानावर दिसणाऱ्या खुणांपासून सुरुवात करतो. वजनाचा काटा फार उशिरा बोलतो, कित्येकदा बोलतच नाही. आधी खेळ अडतो. सराव तोच, पण शेवटचे दोन राउंड ओढत काढावे लागतात. खरचटलेलं लवकर भरत नाही, सर्दी महिन्यातून दोनदा होते, नडगीचं दुखणं बरं होऊन पुन्हा उलटतं. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचं जॅकेट चढवलेलं असतं, कारण एकतर थंडी वाजते किंवा शरीर लपवायचं असतं. "घरून खाऊन आलो" हे रोजचं उत्तर. सराव संपल्यावर एकट्यानं जास्तीचे राउंड, आणि एखादा दिवस सराव बुडाला तर रडकुंडीला येणं. गटासोबत नाश्ता असला की नेमकं त्याच वेळी काहीतरी काम निघणं.

एका खुणेवरून काही ठरवू नका. दोन-तीन खुणा एकत्र, तीन-चार आठवडे दिसत राहिल्या तर मात्र थांबू नका.

पांढरा_कोट

छान सुरुवात. यामागचं शरीरशास्त्र लिहितो, कारण ते कळल्याशिवाय "पण ही तर बारीक दिसत नाही" हा प्रश्न सुटत नाही.

खाण्यातून आलेल्या ऊर्जेतून सरावाची ऊर्जा आधी वजा होते. उरते ती हृदय, मेंदू, हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती आणि वाढ यांना मिळते. उरलेली कमी पडली की शरीर एकेक खातं बंद करत जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (खेळात शरीराला ऊर्जा अपुरी पडणं) हे नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्याबद्दलचं मार्गदर्शन सुधारलं. त्याआधी फक्त मुलींचं त्रिकूट सांगितलं जायचं: कमी ऊर्जा, पाळीचा बिघाड, ठिसूळ हाडं. आता मुलगेही त्यात धरले जातात.

हिशेब असा. ५० किलोची धावपटू, त्यातली २० टक्के चरबी वगळली तर ४० किलो उरतात. या प्रत्येक किलोमागे सराव वजा जाता साधारण ४५ किलोकॅलरी उरायला हव्यात, म्हणजे १८००. सरावाला ५०० लागत असतील तर दिवसाचं खाणं २३०० चं झालं. ती १६०० च खात असेल तर सराव वजा जाता ११०० उरतात, म्हणजे किलोमागे २७.५. तीसच्या खाली संप्रेरकं बिघडल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. मात्र तीस ही लक्ष्मणरेषा नव्हे, कोणाचं आधी बिघडतं, कोणाचं नंतर. आणि ही मुलगी बारीक दिसेलच असं नाही. शरीर खर्च आवरतं, त्यामुळे वजन महिनोन्‌महिने जागेवरच राहू शकतं.

ही आकडेमोड आहारतज्ज्ञ आणि कोच यांच्यासाठी आहे. मुलांच्या हातात देऊ नका. आधीच मोजून खाणाऱ्या मुलीला आणखी एक मोजपट्टी मिळते.

वैदर्भी

डॉक्टर, पाळीबद्दल स्पष्ट लिहा ना. आमच्याकडे "सराव जास्त असला की पाळी थांबतेच, चांगलंच आहे, स्पर्धेत त्रास नाही" असं सर्रास बोलतात. मोठ्या मुलीसुद्धा लहानींना हेच सांगतात.

पांढरा_कोट

वैदर्भी ताई, हे डोक्यातून काढायलाच हवं. सरावानं पाळी थांबत नाही, सरावाला पुरेल एवढं न खाल्ल्यानं थांबते. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. पाळीचं अंतर ३५ दिवसांच्या पुढे जात राहिलं तरी विचारावं.

इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की हाडं भरणं थांबतं. हाडांची बहुतेक कमाई किशोरवयात होते आणि गेलेली पुढे पूर्ण भरून निघत नाही. अशा वेळी पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. त्यानं महिन्याला रक्तस्राव होतो, घरच्यांना वाटतं मिटलं, पण हाडांचं नुकसान चालूच राहतं आणि खूण झाकली जाते. आधी खाणं वाढवायचं, गरज पडली तर सराव कमी करायचा. पाळी परत यायला काही महिने लागतात, कधी वर्षही.

मुलग्यांमध्ये अशी उघड खूण नसते. लैंगिक इच्छा आणि पहाटेचं लिंग-ताठरपण कमी होणं ही खूण आहे, पण ती डॉक्टरांनी एकांतात विचारायची. कोचनं मैदानावर नाही.

सांधेजोड

फिजिओच्या बाजूनं एक भर. नडगीवर हातभर पट्ट्यात दुखत असेल तर सहसा विश्रांतीनं भागतं. बोटानं दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला तडा गेल्याचं धरून चाला. धावणं त्याच दिवशी बंद. जांघेत दुखणारा धावपटू तर अजिबात पळवू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असेल तर ती तुटू शकते आणि मग ऑपरेशन लागतं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. "एक्स-रेत काही नाही, पळ" असं म्हणू नका, एमआरआयचं विचारा. दुसऱ्यांदा तडा गेला तर हाडाबरोबर खाण्याचीही चौकशी व्हायला हवी. बूट बदलून हे सुटत नाही.

लाल_माती

सगळं पटते भाऊ. पण कुस्तीत वजनगट आहे, ज्युडो-बॉक्सिंगमध्ये आहे, कबड्डीत किशोर-कुमार गटाला वजनाची मर्यादा आहे. पोट्टे आठ दिवस आधी खाणं-पाणी बंद करून राहिले. आपण "खा" म्हटलं तर म्हणतात, "काहून खाऊ वस्ताद, खालच्या गटात पदक सोपं आहे." पालकही तेच म्हणतात. एका वस्तादानं काय करावं?

पांढरा_कोट

भाऊ, हा प्रश्न एकट्या नागपूरचा नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. सोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते, रात्रभर प्रयत्न झाले, तरी शरीर ऐकलं नाही. शाळकरी मुलाजवळ यातलं काहीच नसतं.

आणि पदक जाणं हा त्यातला सौम्य परिणाम. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान सव्वा महिन्याच्या आत वजन तोडताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. घाम काढायच्या साधनांवर बंदी आली. हंगामाच्या सुरुवातीलाच शरीरात पाणी पुरेसं असल्याचं तपासून किमान वजन ठरवतात, आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट चालत नाही. हाच विचार तालमीत आणता येतो: गट हंगामाच्या आधी ठरवायचा, स्पर्धेच्या आठवड्यात नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला मी वजन उतरवू देणार नाही. तो वाढतो आहे. तीन महिन्यांत एक-दोन किलो वाढणं हेच त्याचं बरोबर वजन. आज भरतं त्याच्या वरच्या गटात नाव द्या.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून आणल्या जातात. त्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) यादीत कायम बंदीच्या आहेत, स्पर्धा असो वा नसो. त्याहून वाईट म्हणजे पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मुद्दाम उलट्या काढल्यानं आणि जुलाब आणणाऱ्या औषधांनीही हेच होतं.

आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हे विसरू नका. पाणी तोडलेला मुलगा उन्हात बरळायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात समजा. आधी गार करा: सावली, कपडे सैल, अंगभर गार पाणी, काखेत आणि जांघेत बर्फ, पंखा. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

लाल_माती

वजन झाल्या-झाल्या पोट्टे दोन-दोन लिटर पाणी पितात, त्याचं?

वाटी_चमचा

नुसतं पाणी भसाभस प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, जास्त झालं तर झटकेही येतात. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालून घोट-घोट द्या. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट हा नेहमीचा घोळ आहे, तो धोक्याचा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला मात्र घरी भरभरून जेवू घालू नका. अचानक भरपूर पिष्टमय खाणं गेलं की फॉस्फरस कोसळतो आणि हृदयावर येतं. त्याला दवाखान्यातच, रक्त तपासत, हळूहळू खाणं वाढवावं लागतं.

आता रोजचं. बहुतेक मुलं मुद्दाम उपाशी राहत नाहीत, वेळापत्रकच त्यांना उपाशी ठेवतं. पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी सराव, आठला थेट शाळा किंवा ट्यूशन, पहिलं धड खाणं अकराला. इथूनच पुढे खाणं टाळायची सवय लागते. म्हणून वेळा बांधा.

निघायच्या आधी अर्धा तास: एक केळं, किंवा दोन-तीन खजूर आणि अर्धा कप दूध. जात नसेल तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की. सराव संपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात पिष्टमय आणि प्रथिनं दोन्ही: दोन उकडलेली अंडी आणि दोन पोळ्या, किंवा मूठभर फुटाणे, गूळ आणि ग्लासभर दूध. पोहे द्यायचे तर शेंगदाणे जास्त घाला आणि वर चण्याची तर्री घ्या, रस्सा नुसता नको, चणे वाटीभर असू द्या. दुपारी दोन भाकरी किंवा तीन-चार पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, भाजी, दही, भात. चार-पाच वाजता पुन्हा काहीतरी पोटभरीचं. रात्री दुपारसारखंच. वडाभात किंवा पाटोडीचा रस्सा घरी झाला तर तोही ताटात येऊ द्या. "खेळाडूनं तेलकट खायचं नाही" असं म्हणून एकेक पदार्थ बाद होत जातो आणि शेवटी ताटात काकडी उरते.

एक गोष्ट आग्रहानं सांगते. "साफ खाणं", "चीट डे", "जळवून टाक" हे शब्द मैदानावरून काढा. जिलबी खाल्ली म्हणून दहा राउंड, ही शिक्षा सगळ्यात वाईट. खाणं म्हणजे गुन्हा आणि पळणं म्हणजे त्याची भरपाई, हे गणित मुलांच्या डोक्यात तिथेच बसतं.

संत्रानगरी

उपवासांचं काय करावं? नवरात्रात नऊ दिवस, शिवाय गुरुवार, चतुर्थी. घरच्यांना काही म्हणता येत नाही.

वाटी_चमचा

श्रद्धेवर बोट ठेवायचं नाही, खाण्याच्या प्रमाणावर ठेवायचं. उपवासातही दाण्याची आमटी, भगर, राजगिरा, दूध, दही, बटाटा, केळी भरपूर खाता येतात. फक्त चहावर नऊ दिवस काढून दोन वेळ सराव चालणार नाही. त्या दिवसांत सराव निम्मा करा. आणि हे बघा: उपवासांची संख्या अचानक वाढली का? घरात कोणीच करत नाही असे वार ही मुलगी धरू लागली का? उपवास सुटल्यावरही ती जेवणापासून पळते का? तसं असेल तर उपवास हे निमित्त आहे. आजारी असलेल्यानं उपवास करू नये हे घरातल्या आजीलाही मान्य असतं. तिलाच हाताशी धरा, तिच्या शब्दाला वजन असतं.

वैदर्भी

शरीराच्या लाजेबद्दलही लिहायला हवं. सातवी-आठवीत मुली खेळ सोडतात त्यात गणवेशाचा वाटा मोठा आहे. घट्ट टीशर्ट, पांढरी शॉर्ट्स, एकाच मापाचा मागवलेला गठ्ठा. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून दंड झाला. पुढे त्याच वर्षी तो नियम बदलावा लागला. आपल्याला तर नियमाशी भांडायचंही नाही, दुकानदाराकडून मापं तेवढी नीट मागवायची आहेत. गडद रंगाची शॉर्ट्स, आत लेगिंग चालेल हे आधीच जाहीर, मापं एकेकीला बाजूला घेऊन, आणि चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा कशी निवडायची हे बाई कोचनं किंवा शिक्षिकेनं सांगायचं. आधार नसेल तर धावताना दुखतं, मुली खांदे पुढे झुकवून पळतात, आणि मग "ही आळशी आहे" असं ठरतं.

वजनाचा तक्ता भिंतीवर लावू नका. सगळ्यांसमोर काट्यावर उभं करू नका. वजनगटाचा खेळ नसेल तर काटा लागतोच कशाला? घरची वाक्यंही बघा: "उन्हात काळी पडलीस", "मांड्या केवढ्या झाल्या", "लग्नात कशी दिसशील". स्प्रिंटरच्या मांड्या जाडच असतात, त्याच तिला पळवतात.

सांधेजोड

चरबी मोजणाऱ्या मशीनबद्दलही. पायाखालचं मशीन शरीरातल्या पाण्यावरून अंदाज करतं. सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो. चिमट्यानं घडी मोजताना हात बदलला की आकडा बदलतो. अठरा वर्षांखाली वैद्यकीय कारणाशिवाय हे मोजूच नये.

आरसा_नको

समुपदेशनाचं काम करते. जिममधल्या मुलग्यांकडे आपलं लक्ष कमी जातं म्हणून लिहिते. अंगानं भरलेला मुलगा स्वतःला काडी समजतो. दिवसातून वीस वेळा दंड बघतो, लग्नाच्या पंगतीत डबा नेतो, एक दिवस जिम बुडाली तर कासावीस होतो. याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. प्रथिनं दिवसाला वजनाच्या किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम पुरेशी असतात, त्यापुढे पैसे जातात. स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली तर अंडकोष आकसतात, छाती वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. अचानक बंद केल्यावर तीव्र नैराश्य येऊ शकतं, म्हणून बंदही डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची.

आता बोलायचं कसं. सराव संपल्यावर, एकटं, बाजूला. वजन, दिसणं, ताट यांवर बोलू नका, दिसलेल्या गोष्टीवर बोला: "गेल्या तीन आठवड्यांत तू दोनदा चक्कर येऊन बसलास, मला काळजी वाटते आहे." मग गप्प राहा. तो "काही नाही सर" म्हणेलच. तेव्हा "ठीक आहे, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारेन" म्हणा आणि खरंच विचारा. "आता बरी दिसतेस, अंग भरलंय" हे कौतुक म्हणूनही नको. ती ते "जाड झालीस" असंच ऐकते. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मूल अठराच्या खाली असेल तर पालकांना सांगावंच लागतं, आणि ते त्याला आधी सांगून.

डॉक्टर पाच सोपे प्रश्न विचारतात: पोट नकोसं भरल्यावर मुद्दाम उलटी करतोस का, खाण्यावरचा ताबा सुटल्यासारखं वाटतं का, तीन महिन्यांत सहा किलोच्या वर घट झाली का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का, खाण्याचेच विचार दिवसभर डोक्यात असतात का. दोन होकार आले तर पुढची तपासणी. कोचनं हे स्वतः विचारत बसू नये.

मानकापूर_ट्रॅक

नागपुरात कुठे पाठवायचं आणि कोणत्या तपासण्या, तेही लिहा.

पांढरा_कोट

मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. पहिली भेट फॅमिली डॉक्टरांची चालेल, पण हे मागा: आडवं पडून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, ड जीवनसत्त्व. पाळी थांबली असेल तर गर्भधारणेची चाचणी आणि संप्रेरकं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं नव्हे. बरेच दिवस रक्त नॉर्मलच राहतं.

जागेपणी नाडी पन्नासच्या खाली, उभं राहिल्यावर भोवळ, छातीत धडधड, उलटीत रक्त, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. "खेळाडूची नाडी कमीच असते" हे खरं, पण हात-पाय गार, नीट न जेवणारा आणि नाडी ४४, हा तंदुरुस्त खेळाडू नव्हे.

उलट्या होत असतील तर लगेच ब्रश नको. साध्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची, ब्रश निदान अर्ध्या तासानं.

संत्रानगरी

मुलगी उपचार घेत आहे, तर मैदानावर परत कधी घ्यायची? पूर्ण बंद केलं तर ती आणखी खचते.

आरसा_नको

हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि ते कोचनं मानायचं. ऑलिंपिक समितीच्या २०२३ च्या मार्गदर्शनात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चार टप्पे आहेत. लाल असेल तर सराव नाही, स्पर्धा नाही. पण मैदानावर यायला बंदी नको. तिला वेळ नोंदवायचं काम द्या, लहान मुलांचा वॉर्म-अप द्या, संघाच्या ग्रुपमधून काढू नका. किशोरवयीन मुलांत घरच्यांनी ताट हातात घेणं सगळ्यात उपयोगी पडतं: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, प्रत्येक वेळी एक मोठं माणूस सोबत, जेवणानंतर तासभर एकटं सोडायचं नाही. हे महिनोन्‌महिने चालतं, म्हणून आई एकटी नको, पाळ्या लावा.

सांधेजोड

परतताना क्रम असा ठेवा. आधी चालणं आणि स्ट्रेचिंग, मग हलकं वजन, मग एक दिवसाआड छोटं धावणं. प्रत्येक पायरी निदान एक आठवडा. आठवड्याचं खाणं आणि तपासणी नीट असेल तरच पुढची पायरी. सराव वाढला तर डबाही त्याच दिवशी वाढला पाहिजे, नाहीतर पायरी चढू नका. सरावाआधीचं खाणं मैदानावर, सगळ्या गटानं मिळून, कोचसमोर करायचं. ती एकटीच खाते आहे असं दिसू नये.

लाल_माती

हे आमच्या तालमीत उद्यापासून जमते. सरावाआधी केळं आणि नंतर फुटाणे-गूळ, सगळ्यांना एकत्र. गटांची नावंही मी आता जूनमध्येच पालकांसमोर लिहून ठेवतो. डॉक्टर, मुलं आजच्या वजनाच्या वरच्या गटात टाकली आणि स्पर्धेपर्यंत वाढून आणखी वर गेली, तर?

पांढरा_कोट

तर नाव बदला, मुलाला बदलू नका. प्रवेशिका भरायच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत जागा मोकळी ठेवा. मुदतीनंतर गट बदलता येत नसेल तर ती स्पर्धा सोडा आणि पालकांना हे जूनमध्येच सांगून ठेवा.